दोनच मुद्दे

परीक्षक गुणांची बेरीज करायला आत गेले की सभागृहात तीन गोष्टी एकदम घडतात. वड्यांची परात येते, यजमान शाळेतली एखादी मुलगी 'निकाल तयार होईपर्यंत' म्हणून माईकवर भावगीत म्हणायला लागते, आणि तिसऱ्या रांगेतून काका उठतात. वडे पाच मिनिटांत संपतात. गाणं दुसऱ्या कडव्यापाशी अडतं. काका निकाल लागेपर्यंत पुरतात आणि निकालानंतरही उरतात.

हे काका कुणाचे, असं विचारू नका. स्पर्धेत उतरलेल्या मुलांपैकी कुणाचेच नाहीत. आयोजकांना वाटतं, पाहुण्या शाळेबरोबर आले असतील. पाहुण्या शाळांना वाटतं, परीक्षकांपैकी कुणाचे स्नेही असतील. परीक्षकांना वाटतं, संस्थेचे विश्वस्त असावेत, म्हणून ते अर्धवट उठून नमस्कार करतात. काका तो स्वीकारतात. ठाणे ते कल्याण या पट्ट्यात मुलांना घेऊन स्पर्धा करताना मला असे निदान तिघे भेटले आहेत: एक नौपाड्यातले, एक डोंबिवलीचे, एक कल्याणच्या पारनाक्याकडचे. तिघे एकमेकांना ओळखत नाहीत, आणि ओळख झालीच तर त्या खोलीत कोण कुणाला बोलू देईल याची कल्पना करवत नाही. पण तिघांचा बुशशर्ट, तिघांची डायरी आणि तिघांचं पहिलं वाक्य इतकं सारखं की इथे मी त्यांना एकच काका धरून चालते.

ते पहिलं वाक्य असं: "अरे, इकडे या रे पोरांनो. वेळ घेत नाही. दोनच मुद्दे सांगतो."

मुलांनी नाव ठेवलंय 'दोनमुद्दे काका'. काकांना ते ठाऊक आहे आणि आवडतंही.

त्यांचा हंगाम ठरलेला आहे. टिळक पुण्यतिथीला, म्हणजे १ ऑगस्टला, शाळाशाळांतून वक्तृत्वाच्या स्पर्धा सुरू होतात. तिथून गणपती, दिवाळीनंतरच्या आंतरशालेय फेऱ्या, ३ जानेवारीची सावित्रीबाईंची जयंती, १२ जानेवारीचे विवेकानंद, आणि २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिनी समारोप. मार्चमध्ये परीक्षा लागल्या की काकांचा चेहरा ओसरतो. मे महिन्यात ते काय करतात हे कुणालाच माहीत नाही. काकूंना विचारायला हवं.

खांद्याला कापडी पिशवी. एका बाजूला २०१० च्या ठाण्याच्या साहित्य संमेलनाची अक्षरं, पुसट झालेली. तिच्या आत दुसरी पिशवी, २०१७ च्या डोंबिवलीच्या संमेलनातली, ती पाऊस आला तर. त्या पिशवीत छत्री, वाटाण्याएवढ्या खडीसाखरेची डबी (घशासाठी) आणि डायरी. डायरी कुठल्या तरी सहकारी बँकेची, तीसुद्धा काही वर्षांपूर्वीची. त्यामुळे आजच्या भाषणाची नोंद चार वर्षांपूर्वीच्या एखाद्या मंगळवारी पडते, खाली त्या दिवशीची चतुर्थी छापलेली. पानावर रकाने आखलेले: उच्चार, हात, पाय, 'अं', पाणी. शेवटच्या रकान्यात वक्ता बोलण्यापूर्वी किती वेळा पाणी प्यायला ते लिहिलेलं असतं. "दोनदा प्यायला म्हणजे घाबरलाय. तीनदा प्यायला म्हणजे पाठ नाही." यामागे शास्त्र काय, हे मी विचारलं नाही. पण पुढे निकाल लागले तेव्हा डायरी फारशी चुकलेली नव्हती, हे कबूल केलं पाहिजे.

फेरीच्या आधी काका अवाक्षर काढत नाहीत. कोपऱ्यात मुलं भिंतीकडे तोंड करून पुटपुटत असतात, कुणी ओठ हलवत जिना चढत-उतरत असतं. तेव्हा काका शेजारून जातील, हसतीलसुद्धा, पण बोलणार नाहीत. "आधी सांगितलं की पोर गोंधळतं." त्यामुळे त्यांचा सगळा उपदेश कायम संपून गेलेल्या भाषणासाठी असतो. आमचा एक मुलगा त्यांना धीटपणे म्हणाला, "पण काका, पुढच्या वेळी विषय वेगळा असणार."

"विषय वेगळा असेल," काका म्हणाले, "चुका याच असतील."

तर दोन मुद्दे. काका तर्जनी वर करतात. "पहिला मुद्दा. एकूण छान." मग थांबतात, चष्मा काढतात, बुशशर्टाच्या टोकाने पुसतात. मुलं एव्हाना शहाणी झालेली असल्यामुळे या 'छान'ला हुरळत नाहीत, चष्मा परत डोळ्यांवर चढायची वाट बघतात. चष्मा चढला की "पण" येतो. त्या 'पण'नंतर जे काही येतं ते सगळं पहिल्याच मुद्द्याच्या पोटात. उभं कसं राहायचं, एका पायावर भार का द्यायचा नाही, 'सन्माननीय व्यासपीठ' म्हणताना व्यासपीठाकडे का बघायचं नसतं, पहिली घंटा ऐकल्यावर दचकायचं कसं नाही. मधलं बोट तर्जनीशेजारी उभं राहायला टपून बसलेलं असतं, पण त्याचा नंबर लागल्याचं आमच्या शाळेत तरी कुणाला आठवत नाही.

या ओघात न्यायमूर्ती रानडे येतात. "रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली १८७५ साली. महिनाभर रोज एक व्याख्यान, लोक उन्हाळ्यात बसून ऐकायचे. आणि तुला पाच मिनिटं नीट उभं राहवत नाही?" प्राचार्य शिवाजीराव भोसले येतात, त्यांच्या फलटणच्या कॉलेजासकट. आणि आचार्य अत्रे तर येतातच. कल्याणला अंतिम फेरी अत्रे रंगमंदिरात असेल तर मुलांची खैर नाही. "ज्या माणसाने संयुक्त महाराष्ट्रासाठी अख्खं शिवाजी पार्क हलवलं, त्याच्या नावाच्या नाट्यगृहात तू तेवीस वेळा 'अं' म्हणालास. तेवीस!" मुलगा खाली मान घालतो. तेव्हा काका हळूच, जणू गुपित सांगावं तसं, पुढे म्हणतात, "अत्रे मुळात शिक्षक होते, माहितीये? लंडनला जाऊन शिकवण्याचं शिक्षण घेऊन आले. उगाच नाही बोलता येत कुणाला."

काकांची मतं ठाम असतात, पण कायम तीच असतील असं नाही. ठाण्यात ते आमच्या मुलीला म्हणाले, "हात बोलले पाहिजेत. नुसतं तोंड काय कामाचं?" पुढच्या फेरीला डोंबिवलीत तिनं हात बोलवले. "हात आवर ग," काका म्हणाले, "माशा वारतेयस की मुद्दा मांडतेयस?" एकाला आवाज चढव, दुसऱ्याला उतरव. तिसऱ्याला "सुरुवात प्रश्नाने कर", आणि त्याने प्रश्नाने केली तर, "आम्हाला काय विचारतोस, तू सांगायला उभा आहेस." मी मनात धरलं होतं की हे वयामुळे होत असावं. मग लक्षात आलं, की हे वयामुळे नाही, हे प्रत्येकाला वेगळं औषध आहे. फक्त कुणाचं औषध कुणाला दिलं याचा हिशोब काका ठेवत नाहीत.

श्वासाचा व्यायाम हा त्यांचा स्वतःचा शोध. जुन्या काळी कल्याणहून ठाण्याला जाणारी फास्ट लोकल पारसिकच्या बोगद्यातून जायची. बोगदा १९१६ सालचा, लांबी साधारण सव्वा किलोमीटर. बोगद्यात शिरताना श्वास आत घ्यायचा आणि उजेड दिसेपर्यंत सोडायचा नाही, म्हणजे पल्लेदार वाक्य एका दमात पुरतं, असा काकांचा सिद्धांत. किती पिढ्यांनी तो पाळला कोण जाणे. गाडी सिग्नलला बोगद्यातच थांबली तर काय करायचं, या प्रश्नाला "मग दोन वाक्यं करायची" हे उत्तर होतं. २०२२ मध्ये ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका सुरू झाली आणि फास्ट लोकल बोगद्याऐवजी मुंब्र्याकडून जायला लागल्या. सगळ्यांना आनंद झाला. काकांनी मात्र पेपरातलं ते कात्रण दाखवून मला गंभीरपणे सांगितलं, "बाई, प्रवाशांची सोय झाली, ठीक आहे. वक्तृत्वाचं नुकसान झालं."

डेमोस्थेनिसची गोष्ट त्यांनी सांगितली नाही असं तर होणारच नाही. तोंडात खडे ठेवून समुद्राकाठी बोलायचा सराव करणारा तो ग्रीक वक्ता. आमच्या सातवीतल्या एका भाबड्या मुलाने ते मनावर घेतलं. खडे कुठले आणायचे ते काकांनी सांगितलं नव्हतं, त्यामुळे त्याने काकांच्याच डबीतली खडीसाखर मागून घेतली. 'सन्माननीय व्यासपीठ, वंदनीय गुरुजन वर्ग' होईपर्यंत सराव उत्तम चालला. 'आणि माझ्या बालमित्रांनो'पर्यंत सरावाचं साहित्य विरघळून गेलं होतं. त्याने आणखी मागितलं. त्या महिन्यात त्या मुलाने जितका सराव केला तितका आयुष्यात केला नसेल.

आता एक गोष्ट जरा सावकाश सांगते, कारण इथे काकांचं म्हणणं खरं आहे.

आपल्या शाळांत वादविवाद म्हणून जे चालतं तो बहुतेक वेळा वाद नसतो आणि विवाद तर नसतोच. शाळेची दोन मुलं येतात, एक विषयाच्या बाजूने, एक विरोधात. दोघांचीही भाषणं घरी लिहून, आईने सुधारून, बाईंनी पुन्हा सुधारून, पाठ करून आणलेली. 'मोबाइल: शाप की वरदान', 'परीक्षा हव्यात की नकोत'. मग विरोधी वक्ता येतो आणि गरजतो, "माझे सन्माननीय प्रतिस्पर्धी म्हणतात की मोबाइलमुळे ज्ञान मिळतं..." प्रतिस्पर्धी बिचारा तसं म्हणालेलाच नसतो. तो रोजगाराबद्दल बोलून खाली बसलेला असतो. पण कागदावर उत्तर ज्ञानाला लिहिलेलं, तर ज्ञानालाच मिळणार. गुणपत्रिकेवर 'खंडन' असा एक रकाना असतो, त्यात परीक्षक दहापैकी सात देतात आणि पुढच्या मुलाकडे वळतात. न झालेल्या हल्ल्याला दिलेलं उत्तर, त्याला सात गुण!

काका यावर भडकतात. खरोखर लाल होतात. "तो काय म्हणाला ते ऐकलंस का? नाही ना? मग भांडलास कुणाशी, भिंतीशी?" आणि मग डायरी काढून दाखवतात. समोरचा मुलगा नेमकं काय म्हणाला, ते शब्दन् शब्द तिथे असतं. मुलांनी आणलेली अवतरणंही काका सोडत नाहीत. "हे कलामसाहेब कुठे म्हणाले? कोणत्या पुस्तकात? पान?" मुलगा म्हणतो, नेटवर होतं. "कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचं आहे. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचं. एवढी पुस्तकं ठेवून लोक वाट बघतायत तुमची, आणि तू नेटवरचं कलामांच्या तोंडी घालतोस?"

सभागृहात त्या वेळी आजूबाजूला नजर टाका. आयांनी मोबाइल वर धरलेले असतात, पण त्या स्क्रीनवर मुलाचा चेहरा नीट येतोय का ते बघत असतात. आम्ही शिक्षक मनातल्या मनात घड्याळ आणि रिक्षा यांचं गणित करत असतो. पुढचे स्पर्धक स्वतःचं भाषण पुटपुटत असतात. परीक्षक आधीच्या वक्त्याची बेरीज करत असतात. त्या मुलाची पाचही मिनिटं अखंड ऐकणारा एकच माणूस असतो, तिसऱ्या रांगेतला.

गंमत अशी की ऐकण्यावर इतकं बोलणारे काका खाली पायऱ्यांवर आल्यावर स्वतः कुणाचंही ऐकत नाहीत. मुलाने तोंड उघडलं की "थांब, मुद्दा पुरा होऊ दे."

त्यांना थांबवलं ते आमच्या नववीतल्या एका मुलीने. डोंबिवलीची स्पर्धा होती, विषय यंत्रमानव आणि नोकऱ्यांचा. निकाल लागायचा होता. काकांनी तर्जनी वर केली. मुलीने डबा उघडून पोळीची गुंडाळी हातात घेतली, चमचा बाजूला ठेवला आणि शांतपणे ऐकलं. बराच वेळ झाल्यावर तिने चमचा उचलला आणि डब्याच्या झाकणावर एकदा वाजवला. टण्.

काका थांबले. आयुष्यभर दुसऱ्यांवर वाजलेली ती घंटा त्यांनी ओळखली.

"काका, मी उत्तर देऊ?"

"दे की."

"तुम्ही म्हणालात, मी समोरच्याचा मुद्दा खोडला नाही. त्याचा रोजगाराचा मुद्दा मी खोडला, दुसऱ्या मिनिटात. तुम्ही तेव्हा खाली बघत होतात. माझे 'अं' मोजत."

काकांनी डायरी उघडली. पान बघितलं. काही बोलले नाहीत.

"दुसरं. हात. ठाण्यात तुम्ही म्हणालात, हात बोलले पाहिजेत. आज म्हणता, हात आवर. सभागृहाने यातलं नेमकं कुठलं मत ग्राह्य धरावं?"

मागे दुसऱ्या शाळेची मुलं गोळा झाली होती. कुणीतरी हसलं.

"आणि तिसरं. तुम्ही मला सांगितलंत, वेळेत संपव. तुम्हाला अकरा मिनिटं झाली." आणि तिने दोनदा वाजवलं. टण् टण्. अंतिम घंटा.

मला वाटलं, आता काका दुखावले जाणार. मी "अगं, मोठ्यांशी..." म्हणून पुढेही झाले. काकांनी हाताने मला मागे सारलं. त्यांचा चेहरा उजळला होता. "हे!" ते ओरडले. "हे! हे मगाशी स्टेजवर कुठे होतं?"

"स्टेजवर समोरचा पाठ केलेलं बोलत होता, काका. त्याला काय उत्तर देणार?"

काकांनी त्या दिवशी डायरीत काहीतरी लिहिलं आणि आम्हाला दाखवलं नाही. गाडीपर्यंत मात्र ते तिच्यामागून चालत आले आणि स्टेशनच्या जिन्यावर शेवटी न राहवून म्हणालेच, "'ग्राह्य' म्हणताना 'ह'वर जोर दे जरा."

आयोजकांनी एकदा धाडस केलं. रविवार होता, मेगाब्लॉक होता, दोन परीक्षक ठाणे आणि कळवा यांच्या मध्ये कुठेतरी अडकले होते आणि मुलं सकाळपासून ताटकळत होती. कुणीतरी सुचवलं, काका आहेतच की. काकांना परीक्षकाच्या खुर्चीत बसवलं, पुढे हिरवं कापड घातलेलं टेबल, पाण्याची बाटली आणि गुणपत्रिका. माणूस इतका गप्प बसलेला मी कधी पाहिला नव्हता. परीक्षकाने मध्ये बोलायचं नसतं, एवढा नियम त्यांना ठाऊक होता. तो पाळताना त्यांच्या कपाळाची शीर दिसत होती. मग सगळी भाषणं संपली आणि सूत्रसंचालिकेने रीतीप्रमाणे जाहीर केलं, "आता परीक्षकांचं मनोगत."

त्या मनोगताबद्दल वेगवेगळ्या आख्यायिका आहेत. पाऊण तास, असं यजमान शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणतात. शिपाई सव्वा तास म्हणतो, आणि दिवे त्याने बंद केले होते त्यामुळे त्याच्यावर माझा विश्वास जास्त. प्रत्येक वक्त्याला दोन दोन मुद्दे मिळाले. शेवटच्या रांगेतल्या ध्वनियंत्रणेच्या माणसालाही एक मिळाला, माईकच्या उंचीबद्दल. फक्त निकाल सांगायचा राहून गेला. फिरती ढाल टेबलावर तशीच पडून होती आणि काका जिन्यावरून उतरताना एका मुलाला विसाव्याच्या जागा समजावत होते. गुणपत्रिका उघडली तेव्हा कळलं, काकांनी सगळ्यांना सारखेच गुण दिले होते. "प्रत्येकात सुधारणेला तेवढीच जागा आहे," ते नंतर म्हणाले. त्यानंतर त्यांना पुन्हा कुणी बोलावलं नाही. काकांनाही त्याचं वाईट वाटलं नसावं. खुर्चीवर बसून सांगितलं की मुलांना ऐकावंच लागतं, पायऱ्यांवर ती उभी राहिली तर स्वतःहून उभी राहतात. हे मी म्हणते. ते असं काही म्हणाले नाहीत.

पुतण्याने मध्ये त्यांना सांगितलं की जगभरच्या शाळांची एक वादविवाद स्पर्धा असते, १९८८ साली ऑस्ट्रेलियात सुरू झालेली. एका वेळी तीन वक्ते, प्रत्येकी आठ मिनिटं, काही विषय तर तासभर आधी कळणारे, म्हणजे पाठांतराला वावच नाही. वर तिथे निकाल दिल्यावर परीक्षक संघाला बसवून तो निकाल असा का लागला ते तोंडी समजावून सांगतात. हे ऐकून काका दोन दिवस हवेत होते. "म्हणजे मी जे करतो ते तिथे अधिकृत आहे!" मग पुतण्याने पुढचं सांगितलं, की भाषणाचं पहिलं आणि शेवटचं मिनिट सोडलं तर मध्ये प्रतिस्पर्धी उभा राहून प्रश्न विचारू शकतो. काकांनी चष्मा पुसला. "भाषण चालू असताना? मध्येच? परवानगी आहे?" आणि बराच वेळ गप्प राहिले. इतकी वर्षं भाषण संपेपर्यंत दाबून धरलेलं सगळं त्यांच्या डोळ्यांपुढून सरकलं असणार.

त्यांच्याबद्दल तक्रारी करणाऱ्यांना मी एक प्रसंग सांगते. कल्याणजवळच्या एका गावातून आलेला आगरी मुलगा, विषय शहरीकरणाचा. बाकी सगळे 'काँक्रीटची जंगलं' म्हणत होते. हा 'आमचे गावान' म्हणाला आणि भाताच्या शेतावर बिल्डरचा बोर्ड लागला तेव्हा घरात कोण काय बोललं ते सांगायला लागला. एका परीक्षकांच्या कपाळाला आठी पडली. 'शुद्ध भाषे'चे गुण गेले, मुलगा पहिल्या तिघांत आला नाही. पायऱ्यांवर तो डोळे चोळत होता. त्याच्या शाळेचे सर त्याला म्हणत होते, पुढच्या वेळी प्रमाण भाषेत बोल हं. काका मध्ये घुसले. "सर, माफ करा. दोनच मुद्दे." सर घाबरून बाजूला झाले. "पहिला मुद्दा. आज इथे एकोणीस पोरं बोलली, त्यातली अठरा पुस्तकातलं बोलली. हा घरातलं बोलला. त्याच्या 'गावान'ला हात लावू नका." मग मुलाकडे वळून: "दुसरा मुद्दा." सगळे चमकले. दुसरं बोट खरोखर वर आलं होतं. "दुसरा मुद्दा असा, की वडा खाऊन घे, नाहीतर संपेल."

दुसऱ्या एका वेळी एक मुलगा मध्येच विसरला. विसरणं सगळ्यांचं होतं, पण हा मायक्रोफोनसमोर उभाच राहिला. बाहेर आल्यावर आई म्हणाली, काही नाही रे, होतं असं. मित्र म्हणाले, कुणाच्या लक्षात पण आलं नाही. जे खोटं होतं. काकांनी डायरी उघडून दाखवली. "सतरा सेकंद. मी मोजलेत. सतरा सेकंद काही सुचत नसताना तू स्टेज सोडलं नाहीस. याला गुणपत्रिकेत रकाना नाही." मुलगा जरा सावरला आणि म्हणाला, "पण?" काका हसले. "पण काय! सतरा सेकंदांत दोनदा पाणी पिता आलं असतं."

काकांचं स्वतःचं वक्तृत्व कसं होतं, ते आम्हाला फक्त एका वाक्यात ठाऊक आहे. जुन्या अकरावीत असताना, माणूस नुकताच चंद्रावर जाऊन आला होता तेव्हा, त्यांनी 'चंद्रावर जाऊन काय मिळालं?' या विषयावर विरोधी बाजूने भाषण केलं. बक्षीस मिळालं ते उत्तेजनार्थ. ते पन्नास वर्षांहून जुनं प्रशस्तिपत्रक फ्रेम करून लावलंय, असं काकू म्हणतात. "आणि कुणी पाहुणे आले की हे त्यांना ते भाषण कुठे चुकलं ते सांगतात," हेही काकूच म्हणाल्या. त्या फार बोलत नाहीत, पण त्यांच्या बोलण्यात 'अं' एकही नसतो.

तेव्हा तुमचं मूल या पट्ट्यातल्या कुठल्याही स्पर्धेला जाणार असेल तर एवढं लक्षात ठेवा. निकालाची वाट बघताना बुशशर्टातला एक माणूस पायऱ्यांवरून तुमच्याकडे येईल. त्यांना टाळायला "आम्हाला गाडी गाठायचीय" असं सांगू नका. तुम्ही म्हणता ती गाडी रविवारी धावत नाही, हे त्यांना पाठ असतं. आणि जी धावते, ती त्यांनाही गाठायची असते.